पिंजऱ्यातला उजेड कोण मोजणार? : सीसीएसईएला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
प्राण्यांवरील प्रयोगांचे नियंत्रण व पर्यवेक्षण समिती (सीसीएसईए),
मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय मंत्रालय, भारत सरकार

विषय : प्राणीगृहातला प्रकाश मोजणे, नोंदवणे आणि त्याचे एकसारखे माप ठरवणे

महोदय, महोदया,

औषधशास्त्राचा किंवा जीवशास्त्राचा कोणताही शोधनिबंध उघडला, की प्राण्यांच्या राहणीबद्दल दोन-तीन ठरलेली वाक्यं भेटतात. तापमान अमुक अंश, आर्द्रता अमुक टक्के, खाद्य आणि पाणी हवं तितकं. आणि शेवटी, १२ तास उजेड, १२ तास अंधार. तापमान अंशांत मोजलेलं, आर्द्रता टक्क्यांत; उजेड मात्र घड्याळात. किती उजेड, कोणत्या दिव्याचा, पिंजऱ्याबाहेर मोजला की आत, आणि ‘अंधार’ म्हणजे खरोखर अंधार होता का, याचा पत्ता त्या ओळीत लागत नाही. हे दुखणं एकट्या भारताचं नाही, जगभरचे निबंध याच साच्यातले आहेत. पण भारतात हा साचा बदलण्याचा अधिकार एका समितीच्या हाती आहे, म्हणून हे पत्र थेट समितीला.

समितीचा जन्म प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातला. १९९८ च्या नियमांनी तिच्या हाताला बळ दिलं. प्राणीगृहांत आजही अनेक जण तिला जुन्या नावानं, सीपीसीएसईए म्हणूनच ओळखतात. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीवर तिचा प्रतिनिधी बसतो. प्रयोगाची परवानगी मागणारा फॉर्म बी तिच्या नमुन्यात भरला जातो. परळची हाफकिन असो, खारघरचं अॅक्ट्रेक असो की पुण्याच्या संशोधनसंस्था, व्यवस्था सगळीकडे हीच. या व्यवस्थेत उजेडाची नोंद नीट बसवायची, एवढीच या पत्राची मागणी आहे. ती वाटते तितकी किरकोळ नाही.

उजेड मोजायचाच म्हटलं तर प्राणीगृहात बहुधा एक लक्समीटर असतो. अडचण तिथूनच सुरू होते. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानं १९२४ साली माणसाच्या दिवसाच्या दृष्टीचा एक आलेख प्रमाण मानला. त्याचं शिखर ५५५ नॅनोमीटरवर, म्हणजे पिवळसर हिरव्या रंगात. लक्समीटर प्रत्येक तरंगलांबीला त्या आलेखाप्रमाणे वजन देतो आणि बेरीज दाखवतो. कार्यालयात, शाळेत, रस्त्यावर हे माप उत्तम. उंदराचा डोळा मात्र वेगळ्याच बेतानं घडलेला आहे. माणसाला शंकुपेशी तीन प्रकारच्या, माऊसला दोनच. त्यातली एक सुमारे ५०८ नॅनोमीटरला, हिरव्याला, सर्वाधिक प्रतिसाद देते आणि दुसरी सुमारे ३६० नॅनोमीटरला, म्हणजे माणसाला दिसतच नाही अशा अतिनील प्रकाशाला. लाल टोकाकडची आपली पेशी त्याच्याकडे नाही. शिवाय त्याच्या डोळ्याचं भिंग अतिनील किरण आत जाऊ देतं, आपलं अडवतं.

याचा अर्थ सरळ आहे. अतिनील एलईडी लावली तर लक्समीटरचा आकडा शून्याच्या आसपास राहील आणि पिंजऱ्यातल्या माऊसला मात्र उजेड दिसेल. गडद लाल दिवा लावला तर उलटं. मीटर आकडा दाखवेल, माऊसला त्यातलं फार थोडं पोचेल.

दुसरी गुंतागुंत याहून मोठी. डोळ्याचं काम नुसतं बघण्याचं नाही, हे विसाव्या शतकाच्या अखेरीला उलगडत गेलं आणि उलगडलं ते उंदरांमुळेच. दृष्टिपटलातल्या दंडपेशी नष्ट झालेले माऊससुद्धा आपलं जैविक घड्याळ उजेडाशी जुळवून घेतात, हे रसेल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं. मग हा उजेड कोण टिपतं? इग्नासियो प्रोव्हेन्सिओ यांना १९९८ मध्ये बेडकाच्या कातडीतल्या रंगपेशींत मेलॅनॉप्सिन नावाचं प्रथिन सापडलं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन, समर हत्तार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून स्पष्ट झालं, की दृष्टिपटलाच्या आतल्या थरातल्या काही मोजक्या पेशींत हेच प्रथिन असतं आणि त्या स्वतःच प्रकाश टिपून मेंदूतल्या घड्याळाला निरोप धाडतात. त्यांचा ओढा सुमारे ४८० नॅनोमीटरकडे, निळ्या प्रकाशाकडे. झोप, संप्रेरकं, शरीराचं तापमान, खाण्याची वेळ या सगळ्यांवर या पेशींचा वचक असतो. लक्सच्या आलेखात ४८० नॅनोमीटरला शिखराच्या जेमतेम १४ टक्के वजन मिळतं. म्हणून पिवळसर २७०० केल्विनची आणि पांढरीशुभ्र ६५०० केल्विनची एलईडी लक्समीटरवर अगदी सारखी भरली, तरी मेलॅनॉप्सिनच्या हिशेबानं दुसरी पहिलीच्या साधारण दुप्पट पडते. दोन प्रयोगशाळांनी ‘३०० लक्स’ असं प्रामाणिकपणे लिहिलं तरी त्यांच्या उंदरांचे दिवस एकसारखे नसतात.

आता प्रत्यक्ष खोलीत जाऊ. अमेरिकेतल्या ज्या मार्गदर्शक पुस्तिकेकडे जगभरची प्राणीगृहं बघतात, तिच्यात जमिनीपासून एक मीटर उंचीवर सुमारे ३२५ लक्स हा आकडा आहे. तो खोलीचा आकडा. उंदीर खोलीत राहत नाही, पिंजऱ्यात राहतो. रॅकच्या वरच्या कप्प्यातला पिंजरा ट्यूबलाइटच्या थेट खाली असतो. तळाच्या कप्प्यावर वरच्या सगळ्या पिंजऱ्यांची, खाद्याच्या जाळीची, पाण्याच्या बाटल्यांची सावली. पारदर्शक पिंजऱ्यांत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या कप्प्यातल्या उजेडात ८० पटींपर्यंत फरक पडू शकतो, एकाच पिंजऱ्याच्या दोन टोकांत २० पटींपर्यंत, असं तीच पुस्तिका सांगते. पिंजऱ्याचं प्लास्टिकही आपला हिस्सा कापून घेतं. पॉलिकार्बोनेट अतिनील किरण बहुतांशी अडवतं. पॉलिसल्फोनला अंगचीच पिवळट छटा असते. अशा खोलीत औषधाचा गट वरच्या कप्प्यात आणि तुलनेचा गट खालच्या कप्प्यात ठेवला, तर दोन गटांत औषधाखेरीज आणखी एक फरक गुपचूप शिरला. हा प्रकार मुद्दाम कोणी करत नाही. पिंजरे लावताना ओळीनं लावले जातात, इतकंच.

आणि पांढऱ्या रॅटला हा उजेड नकोच असतो. निवड करायला दिली तर तो २५ लक्सहून कमी उजेडाची जागा पसंत करतो. कारण त्याच्या डोळ्यात रंगद्रव्य नाही. बफेलोच्या वर्नर नोएल यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की माणसाला निरुपद्रवी वाटणारा साधा प्रकाशही सलग पडत राहिला तर रॅटच्या दृष्टिपटलाचं कायमचं नुकसान करतो. आपल्याकडे विस्टार रॅट आणि स्विस अल्बिनो माऊस यांचा वापर किती सर्रास आहे, हे समितीला वेगळं सांगायला नको. सी३एच आणि एफव्हीबी या माऊसच्या जातींची तर वेगळीच कथा. त्यांच्यात जन्मजात जनुकीय दोष असतो आणि काही आठवड्यांत त्यांची दृष्टी जाते. अशा माऊसला पाण्याच्या टाकीत सोडून भिंतीवरच्या खुणा बघत वाट शोधायला लावलं आणि तो चुकला, तर त्याची स्मृती कमजोर होती की त्याला खुणा दिसतच नव्हत्या?

दिवसापेक्षा रात्रीचा हिशेब अधिक बिघडलेला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन इथल्या संशोधनसंस्थेत रॉबर्ट डाउची आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली एक साधी, पण अस्वस्थ करणारी गोष्ट नोंदवली. प्राण्यांच्या खोलीत अंधाराच्या वेळी बाहेरून शिरणारा उजेड होता अवघा ०.२ लक्स. साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. एवढ्यानं रॅटच्या शरीरातली दैनंदिन लय विस्कटली आणि त्यांच्यातल्या गाठी जोमानं वाढल्या. कागदावर तिथेही चक्र १२:१२ चंच होतं. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात डाउची, डेव्हिड ब्लास्क आणि स्टीव्हन हिल यांच्या गटानं मानवी स्तनकर्करोगाच्या गाठी रॅटमध्ये वाढवून टॅमॉक्सिफेन दिलं. रात्री ०.२ लक्सचा मंद उजेड ठेवलेल्या रॅटमध्ये गाठी औषधाला दाद देईनाशा झाल्या. रात्री मेलॅटोनिन हे अंधारात स्रवणारं संप्रेरक पुरवलं तेव्हा औषध पुन्हा लागू पडलं. हे २०१४ चं काम. भारतात ज्या ज्या ठिकाणी गाठींवरच्या औषधांची उंदरांवर चाचणी होते, त्या ठिकाणी दाराखालच्या फटीकडे बघण्याची सवय असायला हवी, ती यासाठी.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या लॉरा फॉन्केन आणि रॅन्डी नेल्सन यांनी २०१० मध्ये स्विस-वेबस्टर माऊसना रात्री फक्त ५ लक्स उजेडात ठेवलं. त्यांनी जास्त खाल्लं नाही, हालचालही कमी केली नाही. तरी वजन वाढलं. खाण्याची वेळ सरकली होती. रात्री खाणारा प्राणी निम्म्याहून अधिक अन्न दिवसा खाऊ लागला होता. स्थूलपणा किंवा मधुमेहावरच्या औषधाची चाचणी अशा खोलीत झाली, तर निकालातला किती भाग औषधाचा आणि किती खोलीचा?

असे चोर-उजेड शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. दिवे बंद झाल्यावर खोलीत जाऊन दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं. डोळे सरावले, की एकेक गोष्ट दिसू लागते. दाराच्या काचेतून येणारा मार्गिकेतला उजेड, एसीच्या पट्टीवरचे हिरवे आकडे, हवा खेळवणाऱ्या रॅकच्या ब्लोअरवरचा निळा ठिपका, वर आणीबाणीचा दिवा. निळा ठिपका माणसाला शोभेचा वाटतो, पण मेलॅनॉप्सिनला नेमका तोच झोंबतो. टायमरचंही तसंच. चकती फिरवणारा, बॅटरी नसलेला साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि वीज आल्यावर थांबला होता तिथूनच पुढे चालू लागतो. दोन तास वीज गेली, तर त्या खोलीतली सकाळ दोन तास उशिरा उजाडते आणि कोणी चकती सरकवेपर्यंत रोज तशीच उजाडत राहते. नोंदवहीत १२:१२ तसंच.

लाल दिव्यावरचा विश्वासही थोडा सैल करायला हवा. ‘उंदराला लाल दिसत नाही’ हे प्राणीगृहातलं पाठ झालेलं वाक्य. रात्रीच्या वेळी साफसफाईला, तपासणीला लाल दिवा लावला की अंधारच आहे असं धरून चालतात. इटलीतल्या ट्रिएस्ट इथे नादेर निकबख्त आणि मॅथ्यू डायमंड यांनी २०२१ मध्ये रॅटना लाल प्रकाशात वस्तू ओळखायला लावल्या आणि त्यांनी त्या ओळखल्या. लाल शंकुपेशी नसली तरी प्रकाश पुरेसा तीव्र असेल तर बाकीच्या पेशी काम भागवतात. लाल दिवा चालेल, पण मंद आणि मोजलेला.

उजेड आणि घड्याळ यांचं महत्त्व पटायला एक उदाहरण पुरे व्हावं. पक्षाघातानंतर मेंदू वाचवणारी अनेक औषधं उंदरांवर यशस्वी झाली आणि माणसांवर फसली. असं का, याचं एक संभाव्य उत्तर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. एल्गा एस्पोझितो, एंग लो आणि सहकाऱ्यांनी तीन उपचार दिवसा आणि रात्री असे वेगवेगळ्या वेळी तपासले. उंदरांच्या झोपेच्या वेळी, म्हणजे दिवसा, ते मेंदू वाचवत होते. त्यांच्या जागेपणी नाही. संशोधक दिवसा काम करतात, तेव्हा उंदीर झोपेत असतात. माणसाला पक्षाघात बहुतेकदा जागेपणी होतो. पिंजऱ्यातली वेळ ठरते उजेडानं. तोच नोंदवला नाही, तर प्रयोग कोणत्या ‘वेळी’ झाला हे मागाहून कोणालाच सांगता येणार नाही.

हे सगळं जाणून काही तज्ज्ञांनी मापच बदलायला घेतलं. २०१४ मध्ये मँचेस्टरचे रॉबर्ट लुकास आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. डोळ्यातल्या प्रत्येक प्रकाशग्राही प्रथिनाला किती प्रकाश पोचला ते वेगवेगळं मोजायचं. हिशेबाची कोष्टकंही सगळ्यांना मोफत खुली केली. सीआयईनं २०१८ मध्ये माणसासाठी त्याचं प्रमाण जाहीर केलं. त्याच मापात २०२२ मध्ये माणसांसाठी शिफारसी आल्या. मेलॅनॉप्सिनच्या हिशेबानं काढलेल्या लक्समध्ये दिवसा किमान २५०, झोपण्याआधीच्या तीन तासांत कमाल १०, झोपेत कमाल १. ज्या उंदरांच्या डोळ्यांतून ही विद्या उभी राहिली, त्यांच्या पिंजऱ्यावर मात्र अजून माणसाचा लक्समीटर धरला जातो. २०२४ मध्ये लुकास आणि इतरांनी ‘प्लॉस बायॉलॉजी’मध्ये प्रयोगशाळेतल्या सस्तन प्राण्यांसाठी शिफारसी मांडल्या. ज्या जातीचा प्राणी, त्या जातीच्या डोळ्याच्या हिशेबानं प्रकाश मोजा आणि लिहा, हा त्यांचा गाभा. म्हणजे माप तयार आहे, ते वापरा असं सांगणारा हवा.

समितीपुढे या घडीला एक मुदतही आहे. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हात ठरवलं, की २०२७ पर्यंत फ्लुरोसंट नळ्यांचं उत्पादन आणि त्यांची आयात-निर्यात थांबवायची. भारत या कराराचा सदस्य आहे. प्राणीगृहांच्या छतावरच्या नळ्या एकामागून एक जाऊन त्या जागी एलईडी येणार. काही ठिकाणी आल्याच आहेत. हे काम बहुधा संस्थेचा विद्युत विभाग करतो. नळी गेली, तितक्याच लक्सची एलईडी लागली, बिल मंजूर. पण नळीचा आणि एलईडीचा वर्णपट वेगळा. उंदरांच्या दृष्टीनं त्या दिवशी सूर्यच बदलला. वर्षानुवर्षं जमवलेली आधारभूत मापं, म्हणजे निरोगी प्राण्यांची वजनं, पिल्लांची संख्या, रक्तातल्या संप्रेरकांच्या पातळ्या, यांची पुढच्या आकड्यांशी तुलना करायची तर बदलाच्या आधीचा आणि नंतरचा प्रकाश दोन्ही मोजलेले हवेत. नळ्या एकदा भंगारात गेल्यावर आधीचं माप घ्यायचं कुठून?

म्हणून मागण्या, आणि त्या जाणूनबुजून माफक ठेवलेल्या. समितीनं आज ‘आदर्श उजेडा’चा एकच आकडा ठरवून सक्ती करू नये. एका जातीला सोसणारा उजेड दुसऱ्या जातीचे डोळे जाळतो, आणि घाईनं छापलेला आकडा पुढची वीस वर्षं हलत नाही. आधी नोंद सुरू व्हावी. फॉर्म बी मध्ये प्राण्यांच्या राहणीच्या भागात चार ओळी वाढवाव्यात. दिव्याचा प्रकार आणि त्याचं रंगतापमान. रिकाम्या, पण बेडिंग, जाळी, झाकण आणि बाटलीसह सजवलेल्या पिंजऱ्याच्या आत, प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवर, रॅकच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या कप्प्यात घेतलेलं माप. अंधाराच्या वेळी त्याच जागी घेतलेलं माप. आणि गट रॅकवर कसे वाटले, पिंजरे किती दिवसांनी हलवले, हे. शेवटच्या ओळीला पैसाही लागत नाही. पिंजऱ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या आणि ठरावीक दिवसांनी फिरवल्या, तर वरच्या-खालच्या कप्प्याचा निम्मा घोळ मिटतो.

वर्णपट मोजणारं उपकरण महाग असतं, ही तक्रार येईल आणि ती खरी आहे. पण ते प्रत्येक संस्थेनं विकत घ्यायची गरज नाही. उजेड तापमानासारखा तासातासाला बदलत नाही. दिवे बसवल्यावर एकदा, बदलल्यावर एकदा आणि मधे वर्षाकाठी एकदा मोजला तरी चालतं. पुण्या-मुंबईतल्या संस्थांत मिळून एखाद-दुसरं हातात मावणारं उपकरण फिरतं ठेवता येईल. तोवर लक्समीटरच वापरावा, मात्र दिव्याचा वर्णपट उत्पादकाकडून मागून घ्यावा. दोन्ही हाताशी असले की मोफत कोष्टकांतून माऊसच्या किंवा रॅटच्या मापात हिशेब निघतो. अतिमंद उजेडाला साधा लक्समीटर पुरा पडत नाही, तिथे वर सांगितलेली अंधारात उभं राहायची तपासणी नोंदवहीत सहीनिशी लिहावी. प्राणीगृहातल्या अटेंडंटना या खोल्या सगळ्यांत जास्त ठाऊक असतात. कोणत्या दाराची फट मोठी आहे, कोणता टायमर दगा देतो, हे त्यांना न विचारता कळणार नाही.

आणखी एक फॉर्म, आणखी चार ओळी, असा वैताग संशोधकांना येईल. साहजिक आहे, परवानगीच्या कागदांनी ते आधीच वाकलेले असतात. पण रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांत एक आहे प्रयोगातल्या प्राण्यांची संख्या कमी करण्याचं, आणि समितीनं त्यात पुनर्वसनाचं चौथं तत्त्व स्वतःहून जोडलेलं आहे. न नोंदवलेल्या उजेडामुळे प्रयोगाचा निकाल दुसरीकडे पडताळता आला नाही, तर पहिले प्राणी फुकट गेले आणि पडताळणीसाठी आणलेले दुसरेही. संख्या कमी करण्याचा याहून स्वस्त मार्ग सापडणं कठीण आहे.

समितीचे प्रतिनिधी प्राणीगृहांच्या पाहणीला जातात तेव्हा तापमानाची वही तपासतात, खाद्याचा साठा बघतात, पिंजऱ्यांची मापं पडताळतात. पुढच्या पाहणीपासून त्यांनी दोन गोष्टी मागाव्यात. रॅकच्या तळाच्या पिंजऱ्यातलं प्रकाशाचं माप, आणि दिवे बंद करून खोलीत थांबण्यासाठी पंधरा मिनिटं. आणि जिथे अजून नळ्या आहेत तिथे त्या काढण्याआधी मोजमाप झालं पाहिजे, असं परिपत्रक याच वर्षी निघावं.

कळावे.